वाचलं का?

आमच्या गावच्या 'ड' वर्ग ग्रंथालयात दर रविवारी संध्याकाळी वाचक गटाची बैठक भरते आणि त्या बैठकीत प्रत्येकाने इतरांना एक पुस्तक सुचवावे, असा नियम आहे. सुचवलेले पुस्तक वाचायचे कोणी, हे मात्र ठरवायचे राहून गेले आणि नोंदवही माझ्याकडे असल्यामुळे ती जबाबदारी आपसूक माझ्या गळ्यात पडली. पुस्तक सुचवणारा माणूस हातउसने देणाऱ्यासारखाच असतो, आठवडी बाजारात, दळणाच्या रांगेत, फार काय मयतीलासुद्धा तो हळूच जवळ सरकतो आणि विचारतो, "वाचलं का?"

गटातले निवृत्त गुरुजी 'लीळाचरित्रा'च्या खाली उतरत नाहीत. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा जिथे संकलित केल्या, ते रिद्धपूर आमच्याच अमरावती जिल्ह्यात असल्याने त्यांच्या लेखी हा वाचनाचा नसून जिल्ह्याच्या इभ्रतीचा प्रश्न आहे. मूळ पोथी हरवल्यावर अनुयायांनी हा ग्रंथ स्मरणातून पुन्हा उभा केला, असे ते सांगतात. आमची प्रतही दोन वर्षांपासून एका सभासदाकडे अडकलेली असल्याने चर्चा स्मरणावरच चालते. म्हणजे परंपरा अबाधित आहे.

बी.ए.ला असलेल्या एका पोरीने 1963 सालची 'कोसला' सुचवली. पुण्याला शिकायला गेलेला पांडुरंग सांगवीकर शेवटी गावाकडेच परत येतो, एवढे कानावर पडताच अंगणवाडीच्या ताईंनी ते पुस्तक उचलून पिशवीत टाकले. त्यांचा मुलगा येत्या जूनमध्ये पुण्याला जायचा आहे. मी वहीत 'चर्चा अपूर्ण' असे लिहिले.

पण माझा खरा घात केला तो खांडेकरांच्या 'ययाति'ने. ज्ञानपीठ मिळालेली कादंबरी म्हणून ती मी घरी आणली आणि मला वेळ मिळण्याआधी ती वडिलांनी संपवली. ज्या माणसाने आजवर पंचांगापलीकडे काही चाळले नव्हते, तो तीन दिवस चष्मा पुसत ओसरीवर बसून होता. चौथ्या रात्री कृषिपंपाची लाइन दोन वाजता आली. मी गोधडीत असताना उशाशी आवाज आला, "पुरूनं बापाले आपलं तारुण्य देऊन टाकलं. तू नुसती मोटर तं सुरू करून ये." महाभारताचा दाखला मिळालेल्या बापापुढे काय बोलणार? तेव्हापासून संत्र्याच्या बगीच्याला रात्रीचे पाणी मीच देतो.

या सगळ्यात एक कापूसवाले काकाजी तेवढे सज्जन निघाले. त्यांनी गुलाबी बोंडअळीवरची पातळशी पुस्तिका पुढे केली आणि कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग सापडले की फवारणीचा विचार करायचा, हे सारही तोंडी सांगून टाकले. वाचायला अकरा मिनिटे लागली. गेल्या रविवारी गुरुजींनी सर्वांदेखत मला विचारले की, एवढी नोंदवही भरली, त्यातले मी स्वतः पहिल्या पानापासून शेवटपर्यंत काय वाचले? मी प्रामाणिकपणे बोंडअळीचे नाव घेतले. सतरंजीवर शांतता पसरली. काकाजींनी मात्र आनंदाने मान हलवली आणि विचारले, "मंग सापळे लावले का?"