ग्रेस हॉपर आणि ते पाखरू

बेळगावात खानापूर रोडला माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, त्यामुळे फिरते मेसेज माझ्याकडे आपोआप येतात. सध्याचा असा: 'अमेरिकन नौदलातल्या ग्रेस हॉपर यांनी कॉम्प्युटरमध्ये अडकलेला किडा शोधला आणि बग हा शब्द जगाला दिला. कोबोल भाषा त्यांनी एकटीने लिहिली. नौदलाने नाकारलं तरी जिद्दीने शिरल्या.' शेवटी आमच्या काकांनीही पाठवला, 'मुलींना वाचून दाखव' म्हणून. दाखवते काका, पण दुरुस्त करून.

आधी किडा. 9 सप्टेंबर 1947, हार्वर्ड विद्यापीठाचं मार्क टू हे कॉम्प्युटर यंत्र. एका रिलेत, म्हणजे विजेवर उघडझाप करणाऱ्या स्विचमध्ये, पाखरू अडकलेलं सापडलं. ते ऑपरेटरनी काढून नोंदवहीत चिकटपट्टीने चिकटवलं. वेळ 15:45, खाली शेरा: बग सापडल्याचं पहिलंच खरंखुरं प्रकरण. बग म्हणजे इंग्रजीत किडा, आणि यंत्रातला बिघाडही. हा शेरा म्हणजे थट्टा आहे, आणि बिघाडासाठी हा शब्द आधीच रुळलेला असल्याशिवाय ती थट्टा जमतच नाही. एडिसनने 1878 च्या पत्रात यंत्रातल्या खोडीला हाच शब्द वापरलाय. हॉपरबाईंनी पाखरू काढलं नव्हतं. त्यांनी ही गोष्ट पुढे इतक्यांदा रंगवून सांगितली, की वारसा नसताना उताऱ्यावर नाव चढावं तशी ती त्यांच्या नावावर चढली.

नौदलाचं खरं आहे. वय जास्त, वजन कमी, तरी सवलत मिळवून 1943 च्या डिसेंबरात भरती झाल्याच. पण बाई मुळात गणिताच्या, येलची 1934 ची डॉक्टरेट, व्हासार कॉलेजात प्राध्यापक. मेसेजमध्ये गणिताचं नावसुद्धा नाही!

कोबोल ही कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहायची भाषा, ती 1959 च्या समितीची. आराखडा पुरा करणारे सहा जण होते, त्यांत जीन सॅमेट आणि गर्ट्रूड टियर्नी या दोघी बायका. हॉपर सल्लागार. पाया मात्र फ्लो-मॅटिकचा, आणि ती भाषा हॉपरबाईंच्याच हाताखाली तयार झालेली.

खरं मोठं काम मेसेजमध्ये आलेलंच नाही. 1952 मध्ये त्यांनी ए-झिरो कम्पायलर चालवला, म्हणजे माणसाने लिहिलेल्या सूचनांवरून यंत्राला चालणारा प्रोग्रॅम तयार करणारा प्रोग्रॅम. मग म्हणाल्या, हिशेब बघणाऱ्या माणसाने सूचना साध्या शब्दांत लिहाव्यात, त्यांचं यंत्राच्या भाषेत रूपांतर यंत्रच करील. कंपनीतल्या वरिष्ठांना पटावं म्हणून एकच छोटा प्रोग्रॅम इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन शब्दांत दाखवला. वरिष्ठ हादरले. फिलाडेल्फियात बनलेल्या यंत्राला फ्रेंच कशी कळणार? बाई सांगायच्या, इंग्रजीशिवाय दुसऱ्या भाषेत काही करणार नाही हे पटवता पटवता चार महिने गेले.

हे वाचून मला हसू आलं. माझ्या काउंटरवर रोज कन्नड फॉर्म, इंग्रजी वेबसाइट आणि मराठीत बोलणारी म्हातारी माणसं असतात. परवाच एका आजींनी 'हेसरु'वर बोट ठेवून विचारलं, "बाय, हितं काय घालायचं?" "नाव घालायचं आजी," म्हटलं आणि टाइप केलं. रकान्यावर हेसरु असो की नाव, आत आजींचं नाव बरोबर बसलं.