दुकानं बंद असलेल्या रविवारी

युरोपला जाऊन आलेल्या प्रत्येकाला मी हल्ली एकच विचारते, "बसलात कुठे?" काय पाहिलं आणि काय आणलं ते फोटोंत कळतंच.

पहिल्यांदा मी ग्रुप टूरने गेले होते. नऊ दिवसांत पाच देश. बस थांबली की सूचना ठरलेली: "शॉपिंगला दीड तास, पाच वाजता याच जागी." मिलानच्या गॅलेरिया व्हित्तोरिओ एमान्युएले या काचेच्या छताखालच्या बाजारात त्यातली वीस मिनिटं रांगेत गेली. तिथल्या फरशीवर तोरिनो शहराच्या चिन्हातला बैल आहे, त्याच्यावर टाच रोवून गिरकी घेतली की नशीब उजळतं म्हणतात. लाखो टाचांनी तिथे खड्डा पडलाय. आम्ही सगळे खाली बघत होतो. डोक्यावर लोखंड आणि काचेचा तो प्रचंड घुमट होता. तो उभारणारा वास्तुविशारद ज्युझेप्पे मेंगोनी काम संपता संपता, १८७७च्या डिसेंबरात, परांचीवरून पडून गेला. हे मी घरी आल्यावर वाचलं आणि फार वाईट वाटलं. तिथे उभी राहून मी वर नीट पाहिलंसुद्धा नव्हतं.

दुसऱ्यांदा आईला घेऊन गेले. वय ७४, दोन्ही गुडघे दुखरे. म्हणून एकच शहर, म्युनिक, आणि दर दहा मिनिटांनी टेकायचं.

मारिएनप्लाट्झ चौकात फिशब्रुनेन कारंज्याच्या दगडी कठड्यावर आम्ही शनिवारी सकाळी बसलो. अकरा वाजता नव्या टाउन हॉलच्या मनोऱ्यावरच्या घंटा वाजायला लागल्या आणि बाहुल्या फिरू लागल्या. वरच्या मजल्यावर १५६८ सालचं राजघराण्यातलं लग्न आणि घोडेस्वारांची झुंज, खालच्या मजल्यावर लाकडी पिंपं बनवणाऱ्या कारागिरांचा नाच. प्लेगच्या धास्तीने घरात कोंडून बसलेल्या लोकांना रस्त्यावर आणायला हे कारागीर पहिल्यांदा नाचले, अशी आख्यायिका आहे. आईला ही गोष्ट सांगितली तर म्हणाली, "मग पुन्हा एकदा बघू." बारा वाजता पुन्हा बघितलं. टूरच्या दीड तासात हे बसलं नसतं.

या चौकातून पूर्वी ट्राम आणि गाड्या जायच्या. १९७२च्या ऑलिंपिकआधी मेट्रो आणि लोकल जमिनीखाली नेली, आणि वरचा काउफिंगरश्ट्रासे हा रस्ता पायी चालणाऱ्यांना मोकळा केला. आधी लोकांना तिथे पोचवायची सोय झाली आणि मग गाड्या हटल्या. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

डेन्मार्कच्या कोपनहेगनमध्ये तर असा रस्ता करायला दुकानदारांचाच विरोध होता. १७ नोव्हेंबर १९६२ रोजी स्ट्रोएट हा रस्ता प्रयोग म्हणून गाड्यांना बंद केला, तेव्हा गाडी दारात येणार नसेल तर गिऱ्हाईक येईल कशाला, ही त्यांची भीती होती. इथल्या थंडीत रस्त्यावर कोण रेंगाळणार, असंही बोललं गेलं. लोक आले, रेंगाळले, धंदाही चालला. १९६४मध्ये तो बदल कायमचा झाला.

दुपारी आम्ही चौकामागच्या व्हिक्टुआलियनमार्क्टमध्ये गेलो. ही त्यांची मंडई. पूर्वी मारिएनप्लाट्झवरच भरायची, जागा पुरेना म्हणून १८०७मध्ये इथे हलवली. मधोमध झाडांखाली बिअर गार्डन आहे. बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या प्रांतात, जुनी रीत अशी की पेय तिथलं घ्यायचं, खाणं घरून आणलं तरी चालतं. १८१२मध्ये राजाने बिअर बनवणाऱ्यांना बागेत बिअर विकायची परवानगी दिली, जेवण विकायची दिली नाही, त्यामुळे लोक डबे आणू लागले. आम्ही सकाळी फ्लॅटवर केलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली, सोबत सोडा घातलेला सफरचंदाचा रस. शेजारच्या आजोबांनी चटणीकडे बोट दाखवलं. आईने पानावर वाढावी तशी त्यांना वाढली. त्या दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता, तरी अर्धा तास गप्पा चालल्या.

आणि रविवार! जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. काउफिंगरश्ट्रासे ओस पडला असेल असं मला वाटलं होतं. पण आजीआजोबा, बाबागाड्या, अ‍ॅकॉर्डियन वाजवणारा, आइस्क्रीम खाणारी मुलं, सगळे होते. खरेदी करायला काही नव्हतं तरी लोक आले होते. या रस्त्यांची खरी श्रीमंती मला त्या दिवशी कळली. शोरूममधल्या पिशव्या आता फिनिक्स मॉलमध्येही मिळतात. पैसे न खर्चता, कुणी न हटकता, भर बाजारात दोन तास बसायला मला आपल्याकडे मिळत नाही. टूर कंपन्यांना माझी कळकळीची विनंती आहे, शॉपिंगच्या वेळेतला निम्मा वेळ नुसता बसायला द्या.

पुण्यात महापालिका ११ डिसेंबरला पादचारी दिन करते, लक्ष्मी रोडचा एक टप्पा त्या दिवशी गाड्यांना बंद असतो. पॅरिसचा शाँझेलिझे हा मोठा रस्ता महिन्यातून एक रविवार गाड्यांना बंद असतो, मग आपल्याला वर्षातून एकच दिवस का? आईने लग्नाचा शालू त्याच रस्त्यावर घेतला होता. गेली कित्येक वर्षं ती तिथे गेलेली नाही, कारण टेकायला जागा नाही आणि रस्ता ओलांडायची हिंमत होत नाही. यंदा ११ डिसेंबरला तिला घेऊन जाणार आहे. घडीची खुर्ची सोबत नेईन.