पाच पायऱ्या आणि चार पोट्टे

हमरस्त्याला लागून नवे फॅमिली रेस्टॉरंट काढण्याचा आपला विचार असेल, तर आपले मनःपूर्वक अभिनंदन. कापसाला भाव मिळो अथवा न मिळो, वाढदिवस आणि साक्षगंध काही थांबत नाहीत, त्यामुळे गिऱ्हाइकांची चिंता आपण करू नये. चिंता करायची ती एकाच गिऱ्हाइकाची, म्हणजे चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्याची. मागच्या रविवारी यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावाबाहेर अशाच एका नव्याकोऱ्या रेस्टॉरंटात आईचा पंचाहत्तरावा वाढदिवस करण्याचा योग आला, आणि असे गिऱ्हाईक दारातच कसे थांबवावे याचे संपूर्ण शिक्षण मला एका संध्याकाळी मिळाले. मी पेशाने शिक्षिका असल्यामुळे मिळालेले ज्ञान स्वतःपुरते ठेवून घेणे मला जमत नाही.

सुरुवात जोत्यापासून करावी. आपल्याकडची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून जोते उंच घ्यावे लागते, हे कारण तयार आहे आणि ते खोटेही नाही. त्या जोत्याला किमान पाच पायऱ्या द्याव्यात आणि त्यांवर गुळगुळीत काळा ग्रॅनाइट बसवावा, म्हणजे काठी टेकत येणारे म्हातारेही खालूनच रामराम करतील. उतार करण्याच्या फंदात पडू नये. चाकाची खुर्ची सुखरूप चढावी, तर एक फूट उंचीमागे बारा फूट लांबीचा उतार लागतो, म्हणजे आपल्या अडीच फूट जोत्याला तीस फूट झाले. एवढी जागा आपण कोठून आणणार? समोर साठ फुटांची हिरवळ आहे हे मान्य, परंतु तेथे फायबरची हरणे उभी आहेत आणि गिऱ्हाइकांसाठी त्यांना उठवणे योग्य नव्हे.

एखाद्या इंजिनिअरच्या हट्टामुळे उतार झालाच, तर त्यावर कुंड्या ठेवाव्यात.

बैठकीची व्यवस्था करताना सोफे जमिनीला नटबोल्टने आवळून टाकावेत आणि दोन टेबलांमध्ये एक सडपातळ वाढपी आडवा होऊन जाईल एवढीच वाट ठेवावी. अशा वेळी खुर्चीवरच्या बाईला वाटेच्या तोंडाशी, पाण्याच्या कूलरला टेकून बसवता येते, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण ‘सॉरी मॅडम’ म्हणत असल्यामुळे तिचा मानही राखला जातो. तिला काय खायचे आहे हे तिला न विचारता तिच्या भावाला विचारावे. ‘मॅडमला तिखट चालते का?’ (मॅडम बावीस वर्षांपासून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात आणि भावाला घाम फुटतो तो सावजी रस्सा वाटीने पितात.)

आता मुख्य धडा. पायऱ्यांपाशी अशी खुर्ची येऊन थांबली, की मालकाने स्वतः गल्ल्यावरून उठून यावे, चेहऱ्यावर अपार माया आणावी आणि म्हणावे, ‘काही टेन्शन नका घेऊ मॅडम, आपले पोट्टे आहेत ना! ए, चार जण या रे इकडे.’ चार पोट्टे येतात. एकाचा हात कणकेने भरलेला असतो, एक नुकताच खर्रा थुंकून आलेला असतो. गिऱ्हाईक म्हणते, ‘थांबा, खुर्ची कोठे धरायची ते मला सांगू द्या.’ तिकडे मुळीच लक्ष देऊ नये, कारण परोपकार करणाऱ्याने ज्याच्यावर उपकार करायचा त्याला विचारत बसले, तर रात्र सरेल. माझ्या खुर्चीचे हात वर ओढले की निघून येतात, बाजूच्या पलंगावर सरकता यावे म्हणून ते तसेच केलेले असतात. हे मी सांगत होते तोवर दोघांनी नेमके तेच धरले. तिसऱ्या पायरीवर डावा हात खटकन निघून त्या मुलाच्या मुठीत आला, खुर्ची एका बाजूला कलली, साडीच्या निऱ्या पुढच्या लहान चाकात गुंतल्या, आणि मी अठ्ठावन्न किलो वजनाची, पंचेचाळीस वर्षांची बाई, एका अनोळखी पोराच्या शर्टाची कॉलर धरून अधांतरी लटकले. आत जेवणारे हातातला घास तसाच ठेवून बघत होते. दोघांनी मोबाईल वर केले. आई खाली पायरीशी माझी पर्स पोटाशी धरून उभी होती आणि ‘अरे, हळू रे बाबू, हळू’ एवढेच म्हणत होती. मला लहानपणी पोलिओ झाल्यावर चौथीपर्यंत याच आईने कडेवर बसवून शाळेत नेले. त्या दिवशी तिला नवी साडी नेसवून मी माझ्या पगारातून जेवायला घेऊन चालले होते, निदान माझा बेत तरी तसा होता. आणि हे सगळे झाल्यावर मालक हसत म्हणाले, ‘बघा, झाले की नाही दोन मिनिटांत!’ हो, झाले. उतरताना आणखी दोन मिनिटे लागणार आहेत, हा विचार मनात ठेवून मी आईच्या आवडीचा पाटोडी रस्सा दोन तास चिवडत बसले. परक्या पुरुषांनी आपल्याला असे उचललेले तुमच्या घरातल्या कोणत्या बाईला चालेल, हे तुम्ही कधी घरी विचारून पाहिले आहे का?

माफ करा, मी सल्ले देत होते.

शौचालयाचे दार दोन फुटांचे ठेवावे आणि आत थंड पेयांचे रिकामे क्रेट रचावेत. माझ्या खुर्चीला सव्वादोन फूट लागतात. दिव्यांगांना वापरता येतील अशा इमारतींसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत दाराची मोकळी रुंदी 900 मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन फूट सांगितली आहे, पण आपण काही सरकारी कार्यालय उघडलेले नाही. शिवाय जाणते गिऱ्हाईक स्वतःची व्यवस्था स्वतः करते. एप्रिल महिन्यात, विदर्भाच्या उन्हात, बाहेर जेवायला जायचे ठरले की मी दुपारी दोनपासून पाणी पिणे बंद करते.

निघताना ‘तुमच्या हिमतीला सलाम’ म्हणून बडीशेप थोडी जास्त द्यावी.

कायद्याला भिण्याचे कारण नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा आहे. सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या आराखड्याला बांधकामाची परवानगी देऊ नये, असे त्याचे 44 वे कलम म्हणते, आणि कायदा मोडल्यास पहिल्या खेपेला 10,000 रुपयांपर्यंत व पुढच्या खेपेला 50,000 ते 5,00,000 रुपये दंड 89 व्या कलमात लिहिला आहे. सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी म्हणून ठेवू नका, ते बंधनकारक करा, असे सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी केंद्र सरकारला बजावले आणि त्यासाठी तीन महिन्यांची मुदत दिली. पण सर्वोच्च न्यायालय दिल्लीत आहे आणि तुमच्या उद्घाटनाची फीत कापणारे पाहुणे त्या पाच पायऱ्या चढून आले होते. त्यांच्यापैकी एकालाही उतार कोठे आहे असे विचारावेसे वाटले नाही.

आता राहिली ती गोष्ट, जिच्यासाठी मी हे लिहायला बसले. उतरण्याची वेळ आली तेव्हा भांडी घासणारा एक मुलगा माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, ‘मॅडम, मागून उतार आहे ना. सिलिंडर तिकडूनच चढवतो आम्ही.’ भाऊ मागे जाऊन पाहून आला. खरोखरच होता. सिमेंटचा, लांब, चांगला खरबरीत, भरल्या सिलिंडरची ढकलगाडी एकटा माणूस चढवू शकेल असा. त्यावर खरकट्या भांड्यांचे दोन टब ठेवलेले होते, एवढेच. मी मालकांना विचारले, हे आधी का सांगितले नाही? ते म्हणाले, ‘तिकडून तुम्हाला कसे नेणार मॅडम, बरे नाही दिसत.’

बरे नाही दिसत! चार पोरांच्या हातांवर लटकलेली बाई सगळ्या हॉलने पाहिली, ते बरे दिसले? गॅस सिलिंडर चाकांवर जातो, कोल्ड्रिंकचे क्रेट चाकांवर जातात, गावातल्या प्रत्येक घराच्या पायऱ्यांना मोटारसायकल चढवण्यासाठी वीतभर सिमेंटची पट्टी असते, तेव्हा उतार म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक नाही असे मला सांगू नका. तुम्हाला उतार बांधता येतो, तुम्ही तो बांधलाही, आणि माणसासाठी त्यावरचे दोन टब बाजूला सारणे तुमच्या जिवावर आले. मी तुमच्याकडे दया मागायला आले नव्हते. तेवीसशे चाळीस रुपयांचे बिल मी भरले आहे, त्यात तुमच्या ग्रॅनाइटचाही वाटा आहे. त्या मायाळू चेहऱ्याने पुन्हा माझ्यासमोर येऊ नका. यायचेच असेल तर खुर्ची कोठे धरायची हे त्या पोरांना शिकवून या, आणि त्याआधी दोन हरणे उचला.

त्या दिवशी मी मागच्या उतारावरून, खरकट्या पाण्यातून, माझ्या हातांनी चाके फिरवत खाली आले. आईचा शहात्तरावा वाढदिवस पुढच्या एप्रिलमध्ये आहे. गवंड्याचे काम फार तर चार दिवसांचे असेल, त्याला पावसाळ्यापूर्वी बोलवा.