भुसा फुकट होता तोवर

पर्यावरण दिनाचं निमित्त साधून आज सोसायटीने घरटी दोन-दोन कप वाटले. मातकट रंग, वर हिरवं पान, शेजारी ‘बांबूच्या टाकाऊ भुशापासून, शंभर टक्के नैसर्गिक’. छान दिसतात, खोटं कशाला बोलू. मग कप उलटा केला. तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत ‘मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये’ आणि त्याखाली ‘मेलामाइन’.

म्हणजे भुसा आहे, पण त्याला धरून ठेवलंय मेलामाइन-फॉर्मल्डिहाइडच्या रेझिनने. प्लास्टिकच की ते! कढत चहा ओतला की त्यातून फॉर्मल्डिहाइड हे घातक रसायन सुटतं, आणि बांबूचा भुसा घातलेल्या भांड्यांतून साध्या मेलामाइनपेक्षा जास्त सुटतं, हे जर्मनीच्या सरकारी संस्थेने २०२० मध्येच सांगितलंय. युरोपात अशी भांडी विकायला परवानगी नाही. २०२१ मध्ये तिथे मोहीम काढून ती दुकानांतून, वेबसाइटींवरून उचलायला लावली. आणि आपण ती पर्यावरण दिनाला फोटो काढून वाटतोय. हा कप ना कुजणार, ना नीट जळणार, ना भंगारवाला घेणार. चांगल्या भुशाचं मातेरं केलं नुसतं.

भुशाचं मला इतकं का लागतं? कारण माझ्या मामाची चिपळूणजवळ लाकडाची वखार होती. मे महिन्यात आम्ही पोरं तिथेच पडीक. ओंडका आऱ्यावर चढला की जो आवाज सुटायचा, त्यात मामाच्या शिव्याही ऐकू यायच्या नाहीत. आंब्याचा भुसा, फणसाचा पिवळाधमक भुसा, सागाचा तेलकट वासाचा. संध्याकाळी बर्फाच्या कारखान्याचा माणूस पोती घेऊन यायचा, लाद्या भुशात पुरून ठेवायला. कोंबडीवाले शेडमध्ये पसरायला न्यायचे. सालीसकटची फळकुटं पेट्यांना जायची, ढलप्या बंबात. वखारीत कचरा म्हणून काही उरतच नसे. आणि मामाने उभ्या आयुष्यात कशावर हिरवं पान छापलं नाही.

घरी पाणी तापायचं भुशाच्या शेगडीवर. पत्र्याचा डबा, बुडाशी बाजूला एक भोक. डब्यात मधोमध बाटली उभी धरायची, भोकातून दांडका आत सारायचा आणि भोवती भुसा असा ठासायचा की मामी अक्षरशः मुठीने कुटायची. मग बाटली फिरवत फिरवत अलगद वर काढायची. इथे हात हलला की सगळं कोसळलं आणि मामीचा धपाटा ठरलेला. नीट जमलं की खालून ढलपी पेटवून सारायची, आणि सगळ्या घराच्या आंघोळी होईपर्यंत शेगडी आतल्या आत धुमसत राहायची.

हो, धूर व्हायचा. डोळे चुरचुरायचे. गॅस आला त्याच आठवड्यात मामीने शेगडी माळ्यावर टाकली आणि पुन्हा तिचं नाव काढलं नाही. ठीक आहे, तेवढं मान्य.

पण म्हणून भुशाचं काही चांगलं होतच नाही असं नाही. ‘पांढरा कोळसा’ माहीत असेल. भुसा, उसाची चिपाडं, शेंगांची टरफलं यंत्रात दाबून केलेले ठोकळे. त्यात गोंद नाही, रेझिन नाही. दाब आणि उष्णतेने लाकडातलंच लिग्निन, म्हणजे त्याचा नैसर्गिक चिकटा, मऊ होतं आणि तेच सगळं बांधून ठेवतं. कारखान्यांच्या बॉयलरला दगडी कोळशाऐवजी हे जळत असेल तर माझी काही तक्रार नाही.

तक्रार पुढची आहे. भुसा वखारीच्या कोपऱ्यात पडलेला असतो तोवरच तो टाकाऊ. त्याला भाव आला, बॉयलरांची भूक वाढली, की नुसत्या भुशाने भागत नाही. मग ‘टाकाऊ’ या नावाखाली अख्खी झाडं उभी चिरली जातात. इंग्लंडात ड्रॅक्स म्हणून वीज केंद्र आहे, तिथे अमेरिका-कॅनडातून लाकडाच्या गोळ्या जहाजाने समुद्र ओलांडून येतात आणि त्या जळतात ‘हरित ऊर्जा’ म्हणून. त्यावर तिकडे वर्षानुवर्षं भांडणं चालू आहेत. लांबचं कशाला, कोकणात घाट उतरताना लाकडाचे ट्रक समोरून येतात ना? किंजळ, ऐन, काय सापडेल ते. मामाकडे ओंडका यायचा तो बहुतेक कुणाच्या तरी परसातला पडलेला आंबा नाहीतर फणस असायचा, आणि मालक आधी घरच्यासाठी दोन पाट काढून मागायचा. आता डोंगरच एकरकमी विकला जातो.

कमिटीतले काका म्हणाले, “अगं, प्लास्टिकपेक्षा बरं ना!” काका, ते प्लास्टिकच आहे हो. स्टीलचे पेले प्रत्येकाच्या घरात आहेत, आणि काहीच वाटलं नसतं तरी कुणाचं अडलं नसतं.

असो. चिडचिड झाली, बोलून टाकलं. कप कुणी वापरणारच असाल तर पेनं ठेवा, निदान पोरांना गरम दूध त्यात देऊ नका. आणि ओल्या कचऱ्याच्या खतासाठी मागे ज्यांनी भुसा मागितला होता, त्यांनी कच्चं लाकूड चिरणाऱ्या गिरणीतून घ्या. फर्निचरवाल्याकडचा प्लायचा, एमडीएफचा (लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळ्यांचा) घेऊ नका, त्यात गोंद असतो. पोतं आपलं आपण न्या, हल्ली ते पोत्याचे वेगळे पैसे लावतात.