सोवळ्यातलं पाणी

नळाला लावायच्या फिल्टरच्या खोक्यावर एक हसरी बाई असते. एका हातात काचेचा ग्लास, दुसरा हात नळावर, आणि मागे असं स्वयंपाकघर की ज्यात जन्मात कधी फोडणी तडतडलेली नाही. बाईच्या डोक्यावर लिहिलेलं असतं: कोणत्याही नळाला दोन मिनिटांत बसतो, प्लंबरची गरज नाही. तिच्या सिंकमध्ये खरकटा कुकर नसतो, सायीचं पातेलं भिजत घातलेलं नसतं, खालून सासूबाईंचा पाय ठेचकाळेल अशी पाण्याची बादली नसते. तिला फक्त ग्लासभर पाणी प्यायचं असतं. असल्या बाईला फिल्टर झेपतो.

आमच्याकडे तो आला ऐन पावसाळ्यात. खडकवासल्याला नवं पाणी आलं की आमच्या नळालाही त्याची वर्दी मिळते, आणि दूध घालायला विसरलेल्या पांचट चहासारखं काहीतरी नळातून यायला लागतं. दरवर्षी अशा वेळी आई, म्हणजे माझ्या सासूबाई, कपाटाच्या तळातून जुन्या सुती साडीचा तुकडा काढतात, त्याची चौपदरी घडी करतात आणि परकराच्या नाडीनं नळाच्या तोंडाला घट्ट आवळतात. मग अधूनमधून ते फडकं सोडायचं, आतला गाळ घरातल्या प्रत्येकाला दाखवायचा, कोणी जेवायला बसलं असेल तर आधी त्याला दाखवायचा, आणि फडकं धुऊन परत बांधायचं. नवऱ्याला ते फडकं बघवत नाही. मॉड्युलर किचनचे हप्ते आत्ता कुठे फिटलेत, त्यावर परकराची नाडी लोंबकळताना दिसली की त्याला वाटतं, हप्ते वाया गेले. म्हणून त्यानं फिल्टर मागवला.

खोक्यात निरनिराळ्या रिंगा होत्या. काही आतल्या आट्यांच्या, काही बाहेरच्या आट्यांच्या, शिवाय रबरी वायसरची एक पुडी. नळाच्या तोंडाची जाळी काढायची, बसेल ती रिंग फिरवायची, झालं. आता ही जाळी. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीच्या टाकीत बोअरचं पाणी मिसळतात. वर्षानुवर्षांच्या त्या क्षारांनी जाळी आणि नळ यांचं अद्वैत झालेलं. नवऱ्यानं पकडीला फडकं गुंडाळून जोर लावला. (कुठलं फडकं, ते आईंनी नंतर ओळखलं.) जाळी निघाली, पण आटे घेऊन निघाली.

प्लंबर ‘निघालोच’ म्हणाला आणि पुढच्या आठवड्यात आला. नळाच्या तोंडात अंगठा फिरवून त्यानं निदान केलं, “आटे गेलेत.” मग माझ्याकडे वळून, “कुणी हात लावला होता?” नवरा गॅलरीत जाऊन झाडांना पाणी घालू लागला. बाहेर धो धो पाऊस पडत होता. शेवटी नळच बदलला. नवा नळ फिल्टरपेक्षा महाग पडला, आणि प्लंबरची गरज नसलेल्या या फिल्टरनं प्लंबरला दुपारचा चहाही मिळवून दिला. टेफलॉन टेपचे वेढे मारता मारता तो म्हणाला, “ताई, हे परदेशी आयटम आपल्याकडे चालत नाहीत. आपलं प्रेशर वेगळं.”

तो बोलला ते किती शास्त्रशुद्ध होतं हे फिल्टर लागल्यावर कळलं. खटका फिरवला. काही झालं नाही. मग एक थेंब आला. तो खाली पडेपर्यंत आम्ही चौघं श्वास रोखून उभे. दुसरा यायच्या आत आई पोथीला बसायला निघून गेल्या.

आमचं घर वरच्या मजल्यावर, थेट गच्चीखाली. खालच्या मजल्यावर एक काका राहतात. ते कॉलेजात फिजिक्स शिकवायचे आणि निवृत्तीनंतर त्यांनी शिकवणं थांबवलेलं नाही. ते म्हणाले, “साधा हिशोब आहे. पाण्याची टाकी नळापेक्षा दहा मीटर उंच असेल तर नळाला एक बार दाब मिळतो. तुमची टाकी डोक्यावर जेमतेम तीन मीटर, म्हणजे दाब पॉइंट तीन. खोक्यावर काय लिहिलंय?” खोक्यावर किमान दीड बार लिहिलं होतं, खोक्याच्या तळाला, बाईच्या चपलांच्याही खाली. “मग टाकी आणखी बारा मीटर वर न्या,” काका म्हणाले, “चार मजले चढवा.” नवऱ्याच्या चेहऱ्यावर क्षणभर असं काही उमटलं की मला भीती वाटली, हा सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव मांडतो की काय. काका मात्र रंगात आले होते. पॅरिसला पाश्चरच्या प्रयोगशाळेत शार्ल शांबेर्लाँ नावाच्या माणसानं १८८४ साली पोर्सेलिनच्या नळकांडीतून पाणी गाळून जंतू अडवले, ती नळकांडीही नळाला जोडत, आणि तिच्यातूनही पाणी असंच रडत रडत यायचं. शेजारच्यांना रात्री उशिरापर्यंत पाणी गळतानाचा आवाज येत होता की काकांचा, हे ते अजून ठरवू शकलेले नाहीत.

तरी फिल्टर राहिला. वरच्या मजल्यावरच्या माणसाला थेंबाथेंबाची सवय असते. रात्री झोपताना खाली पातेलं लावायचं, सकाळी भरलेलं मिळतं. फक्त पातेलं खाली मावायला हवं. नळाची मान आधीच ठेंगणी, त्याला हा डबा लटकवल्यावर सिंकपासून वीतभर जागा उरली. कुकर आत न्यायचा तर तिरका न्यायचा, आणि कुकर तिरका नेला की त्याचा कान खटक्याला लागतो, खटका फिरतो, आणि ‘फिल्टर’वरून गाडी ‘फवारा’वर जाते. या फिल्टरला तीन गती आहेत: फिल्टर, साधं, फवारा. पहिल्या गतीत पाणी येत नाही, तिसऱ्या गतीत थांबत नाही.

खरा घोळ पाण्याचा नव्हता, आचाराचा होता. कार्ट्रिज चारशे लिटरची. प्यायला आणि स्वयंपाकाला मिळून रोज वीस लिटर धरलं तरी ती महिनाभरही पुरत नाही, आणि नव्या कार्ट्रिजची किंमत बघून नवऱ्यानं फतवा काढला की फिल्टरचं पाणी फक्त पिण्यासाठी. झालं. घरात दोन पाणी आली. तांदूळ साध्या पाण्यानं धुवायचे हे एकमतानं ठरलं. पण शिजवायला? उकळतंच की, म्हणून साधं. मग चहा? तोही उकळतो, पण चहात नवऱ्याला क्लोरीनचा वास येतो, म्हणून फिल्टरचं. पोहे भिजवायला साधं, ताकात घालायला फिल्टरचं, कोशिंबिरीची काकडी साध्यानं धुतली तर तिच्यावरचे थेंब पोटात जातात, मग ती फिल्टरनं विसळायची का? पालीसारखा भिंतीवर चिकटवलेला एक कागदच तयार झाला असता, पण तो लागला नाही. कारण आईंना सगळं आपोआप कळलं.

आईंच्या लहानपणी घरात सोवळ्याचा हंडा वेगळा असे. त्याला कोणी, कधी, कुठल्या वस्त्रात हात लावायचा याचे नियम त्यांच्या आजीला पाठ. आईंनी स्वतः ते सगळं लग्नानंतर सोडून दिलं, आणि बरं झालं सोडलं. त्या हंड्यापाशी कोणाकोणाला उभं राहू देत नसत ते आठवलं की त्या आजही गप्प होतात. पण चिरंजीवांनी नळाला लावलेल्या यंत्रातून तोच कारभार मागच्या दारानं आत आलेला त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखला. “अगं, फिल्टरच्या तांब्यात साधं बुडवलंस? विटाळलं ना ते!” असं त्या नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या. नवरा चिडायचा, “आई, हे सायन्स आहे.” आणि लगेच मला विचारायचा, “कुठल्या तांब्यानं घेतलंस?”

पाहुण्यांना आता नुसतं “पाणी आणू?” विचारून भागत नाही. माझ्या मावससासूबाईंनी “तुम्ही कुठलं पिता?” असं उलट विचारलं आणि उत्तर ऐकून, “मग आम्हाला साधं चालेल, आम्ही काय, गावाकडचे” असा जो टोला दिला तो अजून भाऊबीजेला आठवणीनं निघतो.

भांड्यांच्या मावशींना मात्र हा आचार मान्य नव्हता. त्यांनी आल्या दिवशी खटक्याकडे बघितलं आणि नळ पूर्ण सोडून, फिल्टरवरच ठेवून, कढई घासायला घेतली. मी म्हटलं, “मावशी, ते प्यायचं पाणी आहे.” मावशी म्हणाल्या, “मग भांडी काय न पिण्याच्या पाण्यानं घासायची?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

दरम्यान नवऱ्यानं टीडीएस मोजायचं पेन आणलं. ते पाण्यात बुडवलं की विरघळलेल्या क्षारांचा आकडा येतो. साध्या पाण्याचा आकडा शंभराच्या आत आला. फिल्टरच्या पाण्याचाही तोच. पेन बदलून आणलं, तरी तोच. काकांना बोलावणं अटळ होतं. काका म्हणाले, “तुमच्या डब्यात कोळसा आहे. तो क्लोरीन धरतो, वास धरतो, थोडा गाळ धरतो. विरघळलेलं मीठ त्याच्या हातून निसटतं. आणि पाचशेपर्यंत टीडीएस आपल्या सरकारी मानकालाच चालतो, तुम्ही शंभराला कशाला घाबरता?” पण पेन हातात आलं की माणूस पाण्यावर थांबत नाही. नवऱ्यानं वरणावरचं पाणी मोजलं, कोकम सरबत मोजलं, आणि शेवटी शहाळं मोजलं. शहाळ्याचा आकडा हजारांत गेला. पेनाच्या मते आजारी माणसाला आपण पिढ्यान् पिढ्या सांडपाणी पाजत आलोय.

त्याच सुमारास इमारतीत एक टायवाला विक्रेता फिरत होता. तो दोन ग्लास ठेवायचा, एकात आपल्या मशिनचं पाणी, दुसऱ्यात तुमच्या नळाचं, आणि विजेवर चालणाऱ्या दोन-दोन कांड्या आत सोडायचा. तुमचं पाणी बघता बघता तांबडं-काळं व्हायचं, त्याचं तसंच राहायचं. वरच्या दोन मजल्यांनी तिथल्या तिथे आगाऊ पैसे दिले. काकांनी त्याला बसवून घेतलं, त्याच्याच मशिनच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं आणि म्हणाले, “आता लावा.” ते पाणीही तांबडं झालं. कांडी लोखंडाची असते, पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंडच गंजून पाण्यात उतरतं. तो मळ नळाचा नाही, कांडीचा. विक्रेत्यानं चहा अर्धवट सोडला. मला वाईट एवढंच वाटलं की खाऱ्या शेंगदाण्यांची बशी पण तशीच राहिली.

फडक्याची बाजू घेतली ती माझ्या लेकानं. त्याला कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी काहीतरी शोधताना सापडलं की रिटा कोलवेल नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या खेड्यांत बायकांना जुनी साडी निदान चौपदरी करून त्यातून पाणी गाळायला शिकवलं, आणि तिथलं कॉलऱ्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. २००३ साली ते छापूनही आलं. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक जिवांना चिकटून राहतात, आणि ते जीव साडीत अडकतात. साडी जुनीच लागते. वापरून वापरून सुताचे तंतू फुलतात आणि छिद्रं बारीक होतात. हे लेकानं मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा आई भाजी निवडत होत्या. “चौपदरी?” त्यांनी विचारलं. “हो आजी.” “बरं,” त्या म्हणाल्या. त्या ‘बरं’मध्ये गेले कित्येक पावसाळे होते. नवरा पुटपुटला की सुटे जंतू साडीतून आरपार जातात, तेही त्याच लेखात असणार. असेलही. पण विहिरीचं पाणी फडक्यातून गाळून पिऊन आपल्याकडच्या खेड्यांनी नारूला हाकललं, आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला, हेही लेकानं वाचलं. नवऱ्याच्या कोळशाच्या खात्यावर तोवर फक्त चहाचा वास होता.

आणि मग काकांनी शेवटचा खिळा ठोकला. आम्ही फिल्टरचं पाणी माठात भरून ठेवतो हे त्यांना कळलं. “म्हणजे पाण्यात जंतू वाढू नयेत म्हणून घातलेला क्लोरीन तुम्ही पैसे देऊन काढता,” ते म्हणाले, “आणि मग तेच पाणी दोन दिवस माठात ठेवता?” आईंनी त्यावर तोडगा काढला. माठाच्या तोंडाला चौपदरी फडकं बांधलं. आता आमच्याकडे पाणी आधी कोळशातून येतं, मग साडीतून, आणि नवऱ्याच्या आग्रहास्तव पावसाळाभर उकळूनही.

फिल्टरवरचा दिवा कधीच लाल झालाय. नवी कार्ट्रिज मागवायला गेलो तर ते मॉडेल बंद पडलेलं. डबा काढून टाकावा तर प्लंबरनं टेफलॉनचे इतके वेढे दिलेत की नवऱ्याला परत नळाला हात लावू द्यायचा घरात कोणाचाच धीर होत नाही. तो आहे तसाच लटकतोय. मावशींनी परवा खटका फवाऱ्यावर नेऊन कोथिंबिरीची जुडी त्याखाली धरली, मातीचा कण न् कण निघाला, देठसुद्धा स्वच्छ. त्यांनी नळ बंद केला, जुडी झटकली आणि पहिल्यांदाच त्या डब्याकडे कौतुकानं बघितलं.

“ताई, हे कितीला पडलं? समोरच्या बिल्डिंगमधल्या ताईंना सांगते. त्यांच्याकडे रोज मेथी असते.”