परदेशातून : केबिन वाडीत बांधा, सडा सोडा

राजापूर तालुक्यातील आमच्या गावात सध्या ज्या प्रश्नावर दोन तट पडले आहेत, तो किनाऱ्यालगतच्या अनेक गावांत थोड्याफार फरकाने चर्चिला जात आहे. सड्यावरच्या, म्हणजे वाडीच्या वरच्या उघड्या कातळी पठारावरच्या जमिनींवर पर्यटकांसाठी छोट्या लाकडी केबिन उभ्या राहिल्या, तर मुंबईला गेलेली मुले परत येतील, असे एका बाजूचे म्हणणे आहे. जमिनी एकदा बाहेरच्यांच्या हाती गेल्या की गावाला समुद्रावर उतरायला वाटही उरणार नाही, असे दुसरी बाजू म्हणते. माझ्या चुलत भावाने नुकतेच एक माहितीपत्रक पाठवले. त्यात त्रिकोणी छपराची, पाइनच्या लाकडाची आणि पश्चिमेकडे जमिनीपासून आढ्यापर्यंत काच असलेली केबिन आहे, आणि खाली ‘शाश्वत’ व ‘वेलनेस’ अशी दोन्ही बिरुदे आहेत. ‘तुमच्याकडे नॉर्वेत असलंच असतं ना?’ असे त्याने विचारले. असते, आणि म्हणूनच या वादात तोंड घालण्याचे धाडस करतो आहे.

मी राहतो ते बर्गन शहर नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे आणि तिथे वर्षाला सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आकड्याने हा पाऊस कोकणाच्या जवळ जातो, पण तो बारा महिन्यांत विभागून आणि थंड हवेत पडतो. तिथल्या घरांच्या बाहेरच्या फळ्यांमागे हवा खेळण्यासाठी पोकळी ठेवलेली असते, त्यामुळे भिजलेली फळी वाळते; शिवाय त्या देशात वाळवी नाही. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटर पाऊस मुख्यतः चार महिन्यांत, दमट उष्म्यात आणि खाऱ्या वाऱ्यासह कोसळतो. अशा हवेत पाइनची केबिन म्हणजे वाळवीला दिलेले आमंत्रण, आणि पश्चिमेची काच म्हणजे एप्रिलमध्ये वातानुकूलन यंत्र लावण्याची सक्ती. मग शाश्वत काय उरले?

तरीही साहित्याचा प्रश्न मला दुय्यम वाटतो. पाइनऐवजी जांभा दगड वापरता येईल, काचेऐवजी लाकडी झडपा लावता येतील. खरा प्रश्न जागेचा आहे, आणि नॉर्वेचा अनुभव उपयोगी पडतो तो इथे. साधारण ५५ लाख लोकसंख्येच्या त्या देशात सुट्टीच्या केबिनची संख्या साडेचार लाखांच्या घरात गेली आहे. जुन्या केबिन लहान होत्या. वीज नाही, नळ नाही, शौचालय बाहेर. नव्यांना रस्ता हवा, गाडी उभी करायला जागा हवी, सांडपाण्याची नळी हवी. एकेक केबिन छोटीच असते, पण तिच्यापर्यंत जाणारे रस्ते डोंगर चिरत जातात आणि रानटी रेनडिअरच्या कळपांचे मार्ग तुटतात. समुद्रापासून १०० मीटरच्या आत बांधकामाला तिथे सर्वसाधारणपणे मनाई आहे, पण स्थानिक प्रशासने सवलती देत राहतात आणि त्यावर दरवर्षी वाद झडतात. आपल्याकडेही २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात २०० मीटरची मर्यादा ५० मीटरवर आणण्याची वाट मोकळी केली आहे. कायदा आपल्या वतीने विचार करील, या भरवशावर दोन्हीकडच्या लोकांनी राहू नये.

सडा ‘पडीक’ आहे, असे माझा भाऊ म्हणतो आणि सातबाराही बहुधा तसेच सांगतो. प्रत्यक्षात त्या कातळावर पावसाळ्यात जागोजागी डबकी साठतात, दीपकाडीची पांढरी फुले येतात, गुरे चरतात, आणि मुरलेले पाणी खालच्या वाडीतल्या विहिरींना मिळते. आमच्याच तालुक्यात कशेळीला सड्यावर हत्तीचे भलेमोठे कातळशिल्प आहे. जेसीबीने जोते सपाट करताना खाली काय खरवडले जाते, हे तो चालवणाऱ्याला कळण्याचे कारण नाही.

म्हणून केबिन बांधायचीच असेल, तर ती वाडीत, जुन्या घराच्या मागे, जिथे पूर्वी मांगर, म्हणजे शेतीचे सामान ठेवायची खोपी होती तिथे बांधावी. रस्ता आहे, वीज आहे, विहीर आहे. पंचवीस चौरस मीटरचे छप्पर तीन हजार मिलिमीटर पावसात वर्षाला पंचाहत्तर हजार लिटर पाणी देते. त्यातले दहा हजार लिटर टाकीत झाकून ठेवले, तर दोन माणसांचे मार्च ते मे हे टंचाईचे महिने बऱ्याच अंशी निभावतात. भिंती जांभ्याच्या चिऱ्याच्या, जोते गुडघाभर उंच, वळचण भिंतीच्या पुढे निदान तीन-चार फूट आणि आढ्याखाली गरम हवा निघून जायला जागा असावी. दक्षिण-पश्चिमेला एक पडवी हवीच. पावसाळ्यात तिला माडाच्या पानांची झापे बांधली की आत बसून पाऊस ऐकता येतो. जांभा सच्छिद्र असल्याने शौचालयाचा खड्डा विहिरीपासून जितका लांब नेता येईल तितका न्यावा. आणि माडाच्या किंवा फणसाच्या बुंध्याशी बांधू नये. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगड-दापोलीकडे झाडे घरांवर कशी कोसळली, ते अजून कोणी विसरलेले नाही.

मात्र वाडीचा सर्वांत मोठा लाभ वेगळाच आहे. कोकणात घराला माणूस लागतो. श्रावणात काकूंनी एक खोली महिनाभर उघडली नाही, तर कपाटाच्या पाठीवर हिरवट बुरशी चढते, गादीला वास येतो आणि चौकटीवर वाळवीची मातकट रेघ दिसू लागते. चुलीचा धूर वासे जपतो, रोज उघडलेली खिडकी भिंत जपते. वर्षातून चार-सहा शनिवार-रविवार वापरल्या जाणाऱ्या, सड्यावर एकट्या उभ्या असलेल्या केबिनला हे कोण करणार?

नॉर्वेकडून काही उचलायचेच असेल, तर मी तिथल्या पदभ्रमण संघटनेची पद्धत उचलेन. १८६८ साली स्थापन झालेल्या या संघटनेच्या साडेपाचशेहून अधिक केबिन आहेत. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी नोकर नसतो. आलेला माणूस किल्लीने दार उघडतो, पाणी आणतो, शेगडी पेटवतो, निघताना राख काढून पुढच्यासाठी लाकडे फोडून ठेवतो आणि पैसे आपणहून भरतो. मन हलके होते ते बरेचसे या कामांमुळे, असा माझा अनुभव आहे. पत्रकातल्या गरम पाण्याच्या टबामुळे होईल, असे वाटत नाही. आमच्या गावात कुलूपबंद घरे इतकी आहेत, की त्यातली काही डागडुजी करून अशी सामाईक चालवली, तर नवे जोते घालण्याची गरजही पडणार नाही.

भावाचा आक्षेप रास्त आहे : समुद्र दिसत नसेल, तर पाहुणा सड्यावरच्या निम्मेही भाडे देणार नाही. शिवाय परदेशात बसून आम्हाला साधेपणा शिकवणे सोपे आहे, हेही तो सुनवायला विसरला नाही. माझ्यासारख्या परदेशस्थ भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मात्र मिळते. त्यामुळे सड्यावरच्या आमच्या तुकड्यात माझाही वाटा आहे आणि माझ्या सहीवाचून तो बिगरशेती होणार नाही. ती सही मी देणार नाही, पण मांगराच्या जागी बांधायला लागणाऱ्या खर्चाचा अर्धा भाग उचलेन, असे त्याला कळवले आहे. काकांनी एकच अट घातली आहे : लावणीच्या दिवसांत पाहुणे घ्यायचे नाहीत, कारण तेव्हा त्यांच्यासाठी चहा करायलाही घरी कोणी नसते.