४० टक्के दिव्यांग म्हणजे ६० टक्के फिट? हे गणित कुणी शिकवलं

सकाळपासून तीन ग्रुपवर तोच फॉरवर्ड, त्यातला एक आमच्या सिंहगड रोडच्या सोसायटीचा: '४० टक्के दिव्यांग म्हणजे ६० टक्के धडधाकट, दरवर्षी तपासा, कामाला लावा, आमच्या टॅक्सवर ऐश बंद.' खाली टाळ्यांचे इमोजी.

आधी ते ६० टक्के बघू. अपंगत्वाचं सर्टिफिकेट देणाऱ्या मेडिकल बोर्डापुढे गेलं की डॉक्टर सांधा किती वाकतो, स्नायूत जोर किती, ऐकू किती येतं हे मोजतात, कामाला लायक आहे का हे त्या टक्क्यात नसतंच, मग १०० मधून वजा करून काय काढलंत तुम्ही? आणि एकाला ४० चं एक आणि ३० चं दुसरं अपंगत्व असलं तर ७० पण होत नाहीत, सूत्र लावून ५७ च्या आसपास येतात.

सुप्रीम कोर्टानं २०१० ला राजकुमार विरुद्ध अजय कुमार या अपघात भरपाईच्या केसमध्ये हेच सांगितलंय. डावा हात गेला, अपंगत्व समजा ६० टक्के, पण माणूस ड्रायव्हर नाहीतर सुतार असेल तर कमाई जवळपास सगळीच गेली, सरकारी क्लार्क असेल तर नोकरी टिकू शकते. हात तोच, टक्का तोच. आमच्या मामाची उजव्या हाताची बोटं भोसरीत पॉवर प्रेसखाली गेली, तेव्हा 'वॉचमन हो' सांगणारे ढीगभर भेटले, पण वॉचमनला रजिस्टर लिहावं लागतं हो.

ऐश म्हणाल तर राज्याच्या संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना महिना २५०० रुपये, ते पण ऑक्टोबर २०२५ पासून, आधी १५०० च होते. कॉट बेसिसचं भाडं देऊन त्यात काय उरतं ते सांगा. केंद्राच्या पेन्शनला तर ८० टक्के अपंगत्व लागतं आणि केंद्राचा वाटा महिना ३०० रुपये.

दरवर्षी तपासणी? जिवंत असल्याचा, हयातीचा दाखला दरवर्षी द्यावाच लागतो. पण कापलेला पाय वर्षभरात परत उगवत नाही.

बोगस सर्टिफिकेटवाले आहेत, नाही कोण म्हणतंय, पुण्यातल्या प्रोबेशनर आयएएस अधिकाऱ्याचं २०२४ चं प्रकरण सगळ्यांना पाठ आहे. पण तो भांडणाचा विषय मोठ्या नोकरीतला कोटा होता, २५०० रुपये नव्हे. ज्याच्यावर शंका आहे त्याला फेरतपासणीला बोलवा, खुशाल.

आणि कामाला लावायची एवढी घाई आहे ना, मग सोसायटीच्या गेल्या एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेला, गेटजवळच्या रॅम्पचा ठराव 'पार्किंग जातं' म्हणून कुणी पाडला ते पण टाका ग्रुपवर.